न आलेल्या भुंग्याचा पहारा

अख्ख्या जर्मनीत एकाही झाडावर अजून न सापडलेल्या किड्याशी सलग सहा वर्षं लढाई केलेला माणूस या भूतलावर एकच असणार, आणि तो माझ्या नशिबी चुलतसासरा म्हणून आला. चुलतसासरे ही तशी निरुपद्रवी जमात. लग्नात फेटा बांधून पुढच्या रांगेत बसतात, पंगतीत "जावईबापूंना वाढा रे" असं ओरडतात आणि नंतर थेट कुणाच्या तरी बारशाला भेटतात. माझे चुलतसासरे मात्र बॉबलिंगेनपासून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, तीन स्टेशनं पुढे असलेल्या एका गावात, माझ्याच इमारतीत, माझ्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहायचे. मी पुण्याहून आयटीतली नोकरी घेऊन इकडे यायचं ठरवलं तेव्हा सायली, म्हणजे माझी बायको, केवढी खूश झाली होती. "काका आहेत ना तिथे, आपल्याला काही बघावं लागणार नाही." खरोखरच काही बघावं लागलं नाही. घर काकांनी बघितलं, नोंदणीच्या कचेरीतला टेर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, काकांनी घेतला, पडद्यांची उंचीसुद्धा काकांनीच ठरवली. सगळं काकाच बघायचे, अगदी बारकाईने बघायचे आणि मग शेरा मारायचे.

त्याला कारण होतं. काका क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तरुणपणी पुण्यातल्या एका कारखान्यातून इकडे आले आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत निवृत्त होईपर्यंत "हा पास, हा रिजेक्ट" एवढंच करत राहिले. लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, काकांच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर असायचा. मिलिमीटरच्याही खालचं मोजणारी ती पोलादी पट्टी त्यांनी कामावर असताना जेवढी वापरली त्याच्या दुप्पट घरात वापरली असेल. सायलीने इथल्या पहिल्या दिवाळीला मोठ्या हौसेने चकल्या केल्या. काकांनी ताटलीतल्या सहाही चकल्यांचा व्यास मोजला, दोन बाजूला काढल्या आणि म्हणाले, "चव उत्तम. पण लॉटमध्ये व्हेरिएशन आहे." बाजूला काढलेल्या दोन त्यांनी स्वतःच खाल्ल्या, कारण रिजेक्ट माल बाहेर जाऊ द्यायचा नसतो. आमच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला काका सुट्टीवर पुण्यात आलेले होते. माझ्याशी पाऊण तास गोड बोलले आणि निघताना सासऱ्यांना दारातच, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मटेरियल चांगलं आहे. फिनिशिंग आपण करून घेऊ." ते फिनिशिंग अजून चालू आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी काकू गेल्या. मुलगी बर्लिनला विद्यापीठात, तिचा संसार तिकडे. वरच्या मजल्यावर काका एकटे, आणि मोजायला काही उरलेलं नाही. अशात आमच्या नगरपालिकेचं जे पत्रक दर गुरुवारी टपालपेटीत पडतं, त्यात एकदा चार ओळी आल्या. पूर्वेकडून एक हिरवा भुंगा युरोपात शिरला आहे, तो अॅशच्या झाडाला लागतो, साल आणि लाकूड यांच्यामधला थर आतून खात जातो आणि झाड मारतो. आपल्याकडे तो अजून आलेला नाही, तरी नागरिकांनी लक्ष ठेवावं. असल्या सूचना आपण सगळेच वाचतो आणि त्याच कागदावर बटाटे सोलतो. काकांनी ती कापून फाईलला लावली, वर तारीख घातली आणि दुसऱ्या दिवसापासून नेमणूकपत्र मिळाल्यासारखे कामावर रुजू झाले.

अॅश म्हणजे जर्मनांची एशे. आपल्याकडे हे झाड सहसा दिसत नाही, पण परदेशी हातोडीचा चांगला दांडा ज्या लाकडाचा असतो ते हे. उंच, सरळ, पानं थोडी कडुलिंबाच्या वळणाची. आमच्या इमारतीमागे एक ओढा आहे, त्याच्या काठाने किंडरगार्टनकडे जाणारी पायवाट आहे आणि त्या वाटेवर ओळीने अकरा अॅश होते. नगरपालिकेने प्रत्येकावर नंबराची छोटी पाटी ठोकलेली. ती पाटी काकांनी पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "झाडाला पार्ट नंबर! जावईबापू, याला म्हणतात देश." पालिकेचे नंबर पाच आकडी होते, म्हणून काकांनी आपले एक ते अकरा असे सुटसुटीत नंबर दिले आणि प्रत्येक झाडाचा वेगळा तक्ता केला. भुंग्याचं वर्णन त्यांनी मला जिन्यात थांबवून समजावलं. लहानपणी आपण काड्यापेटीत ठेवायचो त्या सोनकिड्याचा हा चुलतभाऊ. झाडातून बाहेर पडताना सालीला जे भोक पाडतो ते इंग्रजी डी अक्षरासारखं, एक बाजू सपाट. "गोल भोक दिसलं तर घाबरायचं नाही. डी दिसलं की पळत माझ्याकडे यायचं." मी म्हटलं, "काका, पण तो अजून जर्मनीत आलाच नाहीये ना?" त्यावर काका माझ्याकडे असं बघत राहिले की मीच रिजेक्ट झालो. मग म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, आल्यावर बघायला इन्स्पेक्टर कशाला लागतो? आल्यावर तर कुणालाही दिसतं."

तर दर रविवारी सकाळी फेरी. व्हर्नियर, भिंग, छोटी हातोडी, तक्त्यांचा गठ्ठा, आणि शिडी धरायला मी. सालीवर हातोडीने टकटक करायची, कान लावायचा, पोकळ वाजतं का बघायचं. दुसऱ्याच रविवारी तळमजल्यावरचे शेजारी बाहेर आले. बिचारे अत्यंत सभ्य गृहस्थ. म्हणाले, "रविवारी शांतता पाळायची असते, ठोकाठोकी चालत नाही." दुसरा कुणी असता तर वाद घातला असता. काका म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर!" आणि शेजाऱ्याचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले, कारण नियम माहीत असलेला माणूस भेटला की त्यांना भावाला भेटल्यासारखं व्हायचं. तेव्हापासून टकटक शनिवारी आणि नुसतं बघणं रविवारी, अशी विभागणी झाली. म्हणजे माझे दोन्ही दिवस गेले. पुढे त्याच शेजाऱ्याने हिवाळ्यासाठी जळाऊ लाकडाची गाडी मागवली, तर काका प्रत्येक ओंडका उलटापालटा करून बघत होते. भुंगा लाकडातूनच प्रवास करतो म्हणे. दोन तास शेजारी थंडीत उभा. शेवटी काकांनी "पास" म्हटलं तेव्हा त्याने खरोखर सुटकेचा निःश्वास टाकला.

गणपतीत तर कहर केला. स्टुटगार्टकडच्या एका कुटुंबाने भारतातून सुरेख कोरीव चौरंग आणला होता. सगळे नटूनथटून जमलेले, गुरुजी कुणी नव्हते पण एकाने पूजेचं रेकॉर्डिंग मोबाईलवर लावलं होतं, मूर्ती एकाच्या हातात, आणि काकांनी चौरंग उलटा करून जमिनीवर ठेवलेला. पायात त्यांना एक भोक दिसलं होतं. भिंगातून बघितलं, व्हर्नियर लावला, मोबाईलचा उजेड पाडून घेतला. मूर्ती धरलेल्याचे हात थरथरायला लागले. यजमानीणबाई म्हणाल्या, "अहो काका, मुहूर्त टळतोय!" काका खालूनच म्हणाले, "गोल आहे. खिळ्याचं आहे. बसवा गणपती." आणि मग आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता.

एकदाच काय ते त्यांना यश मिळाल्यासारखं वाटलं. जून महिन्यात चार नंबरच्या झाडाखाली लखलखीत हिरवा भुंगा सापडला. काका जिना चढत आले ते धापा टाकत, हातात लिंबाच्या लोणच्याची धुतलेली बरणी आणि आत तो. माझ्या आधी सायलीला दाखवला, मग तळमजल्यावर दाखवला, मग बरणीला भोकं पाडलेलं झाकण लावून, सोबत तीन पानी पत्र जोडून पालिकेतल्या झाडांच्या बाईंकडे स्वतः नेऊन दिला. या बाई म्हणजे गावातल्या सगळ्या झाडांची तपासणी करणाऱ्या अधिकारी. आठ दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. आपल्या दक्षतेबद्दल आभार, हा तो भुंगा नव्हे, हा गुलाबावर बसणारा साधा भुंगा आहे, झाडाला काही करत नाही. शिवाय तो कायद्याने संरक्षित असून त्याला पकडण्यास मनाई आहे, तरी कृपया सोडून द्यावा. सोबत बरणी. काका तासभर मान खाली घालून बसले. मग उठून बरणी घेऊन गेले आणि जिथे सापडला होता त्याच जागी, चार नंबरखाली, मला साक्षीला उभं करून त्याला सोडला. "आपल्याकडून चूक झाली," असं त्या भुंग्याला मराठीत म्हणाले. त्या बाईंची आणि काकांची मात्र त्या दिवसापासून गट्टी जमली.

आता सात नंबरबद्दल. बाकीच्या दहा झाडांना आधीच दुसराच रोग होता. भुंगा नव्हे, बुरशी. शेंडे वाळायचे, फांद्या उघड्या पडायच्या, दर वर्षी थोडं थोडं. या बुरशीने इथल्या अॅशची फार दैना केली आहे आणि त्यावर कुणाकडे औषध नाही. सात नंबर ओढ्याच्या वळणावर उभं होतं, खाली एक बाक, आणि त्याला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. भरगच्च, शेंड्यापर्यंत हिरवं. झाडांच्या बाई म्हणाल्या होत्या की असं एखादंच झाड या रोगाला पुरून उरतं, त्याला जपायला हवं, उद्या त्याच्याच बियांपासून नवी झाडं करता येतील. काकांनी ते माझ्यासाठी त्यांच्या भाषेत सांगितलं. "कारखान्यात एक मास्टर पीस असतो, जावईबापू. कपाटात जपून ठेवायचा. बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. तो हरवला की मग चांगलं म्हणजे काय हेच कुणाला सांगता येत नाही." त्यांना खरी धास्ती याची होती की बुरशीतून वाचलेलं हे झाड भुंगा येऊन खाईल. बाकीच्या झाडांच्या तक्त्यावर ते सही करायचे, सात नंबरच्या तक्त्यावर सही करून वर एकदा हात फिरवायचे.

मग एका सप्टेंबरात पालिकेची नोटीस लागली. वाटेवरच्या चार झाडांच्या वाळक्या फांद्या पोरांच्या डोक्यावर पडायची भीती आहे, सबब एक, तीन, आठ आणि दहा ही झाडं हिवाळ्यात पाडणार. (नोटिशीत पाच आकडी नंबर होते, भाषांतर काकांचं.) काकांना एकदम घाई झाली. कुणीतरी पुण्याहून येणार होतं, त्याला फोन करून दोन किलो गेरू मागवला. तो बिचारा समजला काकांना रांगोळीचा नाद लागला. चुना इथल्या दुकानातून आला. आपल्याकडे हमरस्त्याच्या कडेच्या झाडांना कसा बुंध्याला चुना आणि गेरूचा पट्टा मारतात, किडा चढू नये म्हणून, तेच काकांना सात नंबरला करायचं होतं. "सगळ्यांना का नाही?" मी विचारलं. "आधी एका पीसवर ट्रायल." गेरू पावसात टिकावा म्हणून त्यात सुतारकामाचा पांढरा गोंद घातला. खाली चुना, वर छातीच्या उंचीला वीतभर रुंद लालभडक गेरू. पालिकेची पाटी तेवढी पट्ट्याच्या वर, मोकळी. मी शिडी धरायला होतोच, पण शिडी लागली नाही म्हणून डबा धरला. लांब उभं राहून बघितल्यावर मला एकदम सातारा रस्त्यावर आल्यासारखं वाटलं. बाईंना विचारलंत का, असं मी म्हणालो, तेव्हा काका ब्रश धूत होते. कुंडीची जागा बदलायची तरी अर्ज करणारा हा माणूस त्या दिवशी म्हणाला, "विचारलं तर नाही म्हणतील."

ऑक्टोबरभर पाऊस पडला. चुना धुऊन ओढ्याला मिळाला. गोंद घातलेला गेरू मात्र जसाच्या तसा राहिला, उलट अधिकच खुलला. त्या चार झाडांवर कुणीतरी येऊन पाडण्याची खूण म्हणून लाल रंगाचे फटकारे मारून गेलं. मी रोज त्या वाटेने स्टेशनवर जात होतो, रोज पाच लाल झाडं बघत होतो, आणि देवाशपथ सांगतो, माझ्या डोक्यात काही आलं नाही. काकांच्याही आलं नाही. आपल्याला गेरू म्हणजे सांभाळलेलं झाड दिसतं, त्याला आपण काय करणार.

पाडायचा दिवस नेमका काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी आला. हा टेर्मिन मिळायला त्यांना कित्येक महिने लागले होते, तो सोडणं शक्य नव्हतं. ऑपरेशननंतर सोबत माणूस लागतो म्हणून सायली त्यांच्याबरोबर गेली. निघताना काका माझ्या दारात थांबले. "आज चार पाडणार आहेत. सातला धक्का लागायला नको, आठ त्याच्या बाजूलाच आहे. लक्ष ठेवा." मी म्हटलं, "काळजीच करू नका, घरूनच काम आहे." माझी खिडकी वाटेवरच उघडते. दहा वाजता माझा ग्राहकापुढे डेमो होता, तीन महिन्यांचं काम. बाहेर करवतीचा आवाज सुरू झाला म्हणून मी माईक बंद करून खिडकीशी गेलो. हेल्मेट घातलेले दोघं सात नंबरपाशी उभे होते. एकाने गेरूच्या पट्ट्यावर हात ठेवला आणि दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. मी हे बघितलं. मला वाटलं, रंगाचं नवल वाटलं असेल. तेवढ्यात कानात कुणीतरी माझं नाव घेतलं आणि मी परत खुर्चीत येऊन बसलो. डेमो चांगला झाला. संपल्यावर पुन्हा खिडकीशी गेलो तर ओढ्याच्या वळणावर नुसतं आकाश होतं.

चपला घालून धावलो, पण धावून काय होणार होतं. मुकादम शांतपणे कॉफी पीत होता. यादीत चार होती, म्हणाला, पण लाल पाच होती. एक लिहायचं राहिलं असेल असं त्याला वाटलं. बाकीच्यांना नुसते फटकारे, याला तर सगळीकडून गोल, म्हणजे हे जास्तच धोक्याचं. मी त्याला समजावायला लागलो की आमच्याकडे भारतात लाल म्हणजे, आणि मधेच थांबलो. तो म्हणाला, "लाल म्हणजे लाल." त्याचंही बरोबर होतं.

दुपारी काका आले. एका डोळ्यावर पट्टी, सायलीचा हात धरलेला. टॅक्सीतून उतरले आणि दुसऱ्या डोळ्याने त्यांनी थेट वळणाकडे बघितलं. आरडाओरडा होईल, निदान मला तरी बोल लावतील, अशी मी मनाची तयारी केली होती. ते सरळ चालत बुंध्यापर्यंत गेले, सायली मागून "काका, वाकायचं नाहीये हं डॉक्टर म्हणालेत" म्हणत होती तरी गुडघ्यावर बसले, आणि खिशातून व्हर्नियर काढला. कापलेलं लाकूड पांढरंशुभ्र होतं. एकाच डोळ्याने त्यांनी तो सगळा वर्तुळाकार पृष्ठभाग बोटांनी चाचपून तपासला, मग पडलेल्या खोडाची साल. पंधरा-वीस मिनिटं तरी. मग म्हणाले, "काही नाही. एक भोक नाही. पास." आणि मला विचारलं, "तुम्हाला दिसलं नाही का हो?"

मी म्हटलं, "नाही काका. कानात हेडफोन होता."

हे मी का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या पट्टीमुळे असेल. एक डोळा झाकलेल्या माणसाशी खोटं बोलायला सोपं जातं की काय कोण जाणे. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी आणखी खरं वाटावं अशा बेताने डेमोबद्दल दोन वाक्यं जास्त बोललो.

झाडांच्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांचा चेहराच पडलेला होता. काकांनी त्यांना घरात बसवलं, चहा दिला आणि सगळा दोष आपला आहे असं आधी तोंडी आणि मग लेखी कळवलं. बाई म्हणाल्या, वसंतात तिथे दुसरं झाड लावू. काकांनी एकच विनंती केली, बुंधा उपटू नका. बाई कबूल झाल्या.

चौथ्या दिवशी काकांनी मला वर बोलावलं आणि टेबलावर एक कागद सरकवला. कारखान्यात काही बिघडलं की हे लोक एक तक्ता भरतात. काय झालं ते लिहायचं आणि खाली पाच वेळा "का" विचारायचं, एकाच्या उत्तरातून दुसरा, म्हणजे तळाशी खरं कारण सापडतं. काकांनी सात नंबरचा तक्ता भरला होता. मी वाचायला घेतला तो आधी माझं नाव शोधत, कारण दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत ते असणारच होतं. झाड का पाडलं गेलं? लाल खूण होती. लाल खूण का होती? मी गेरू लावला. न विचारता का लावला? विचारलं असतं तर उशीर झाला असता. न आलेल्या किड्यासाठी एवढी घाई का? उशीर होण्याची मला भीती वाटते. आणि पाचवं, भीती का वाटते. इथे कागदाची रेघ संपून अक्षरं समासात चढली होती.

काकांचं मूळ गाव राजापूरकडचं. परड्यात विहिरीजवळ त्यांच्या वडिलांनी वाढवलेला एक हापूस होता. काका नुकतेच पुण्याला इन्स्पेक्टर म्हणून लागले होते आणि मे महिन्यात गावी गेले, तेव्हा कलमाच्या बुंध्याशी त्यांना ओंजळभर भुसा दिसला. घरी खाटेचं काम चाललं होतं, सुताराचा भुसा उडाला असेल, असं वाटून ते पुढे गेले. तो भुसा भिरुडाचा होता. आंब्याचं खोड आतून खाणारा किडा, तो. दोन वर्षांत झाड वाळलं. वडिलांना कळलं तोवर फार उशीर झाला होता, तरी त्यांनी शेवटच्या वर्षी बुंध्याला गेरू आणि चुना लावला होता. आणि खाली काकांनी लिहिलं होतं, "भुसा मला दिसला होता, हे मी वडिलांना कधीच सांगितलं नाही."

मी कागद पुन्हा वरून खाली वाचला. माझं नाव कुठेच नव्हतं. काका स्वयंपाकघरात चहा करत होते, आल्याचा वास येत होता, टेबलावर त्यांचं पेन होतं. मी ते घेतलं आणि पाचव्याच्या खाली लिहिलं. सहावं का. लोक सात नंबरपाशी उभे असताना त्यांना कुणी थांबवलं का नाही? जावयाने खिडकीतून पाहिलं होतं आणि तो मीटिंगला परत गेला. नंतर खोटं बोलला. अक्षर इतकं वाईट आलं की शाळेत छडी बसली असती.

काका कप घेऊन आले, बसले, कागद उचलला. आता पट्टी निघाली होती आणि नव्या डोळ्याने त्यांना लख्ख दिसत होतं, तरी त्यांनी तो फार वेळ वाचला. मग त्यांनी कागद पंचिंग मशीनमध्ये नीट मधोमध घातला, भोकं पाडली, सात नंबरच्या फाईलला लावला, सहाव्यासकट, आणि म्हणाले, "जावईबापू, पाचच असतात."

मी पेनाला टोपण लावून ते परत टेबलावर ठेवलं.

"डेमो तरी नीट झाला का?"

"झाला."

"मग चहा घ्या, गार होतोय."

पुढच्या वसंतात त्या बुंध्याला कडेने फुटवे आले. अॅश असा फुटतो म्हणे, काकांना माहीत होतं, म्हणून तर बुंधा ठेवून घेतला होता. त्या वर्षभर त्यांनी फुटव्यांचा वेगळा तक्ता ठेवला. मग गुडघा कुरकुरायला लागला, जिना जड व्हायला लागला आणि मुलगी हट्टाने त्यांना बर्लिनला घेऊन गेली. निघताना सगळ्या फाईली माझ्याकडे दिल्या आणि वर व्हर्नियर ठेवला. मी म्हटलं, "काका, हा तरी न्या." तर म्हणाले, "तिकडे दुसरा घेईन." घेतलाही. तिथल्या उपनगरी गाडीच्या रुळांकडेला त्यांना चोवीस अॅश सापडले आहेत आणि शिडी धरायला त्यांचा जावई आहे. त्या जावयाचा मला मधूनमधून मेसेज येतो, त्यात सहसा नुसते हात जोडलेले असतात.

वरच्या मजल्यावर आता एक तरुण जर्मन जोडपं राहतं. रविवारी सकाळी मी फेरी मारतो. शेजारी खिडकीतून बघतो आणि मान डोलावतो. परत आल्यावर काकांचा फोन येतो. मी एकेक झाड सांगत जातो. शेंडा किती वाळलाय, सालीला काही आहे का. सात नंबरला मी जरा थांबतो. सगळ्यात जाड फुटवा अंगठ्याएवढा झालाय, पानं स्वच्छ आहेत, डी आकाराचं भोक एकही नाही. पलीकडे पेनाचा आवाज येतो. काका लिहून घेतात.

आणि मग दर रविवारी न चुकता विचारतात, "खिडकीतून बघितलंत, की खाली जाऊन?"

"खाली जाऊन, काका."

"बरं," म्हणतात, "आठ सांगा," आणि मग त्यांना आठवतं की आठ आता नाही, आणि आम्ही नऊवर जातो.